दहशतवादाच्या अभ्यासाकडे

बहुतेक वाचक या विषयाकडे बातमीतून येतात, आणि मराठी वाचकाला ती बातमी शोधावी लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा जण समुद्रमार्गे मुंबईत शिरले. १६६ माणसे मारली गेली. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्हीवरची दृश्ये पाहत हल्लेखोरांना फोनवरून सूचना देत होते. सामान्य माणसांना लक्ष्य करण्याची ही रीत मात्र सुरुवातीपासूनची नाही. १८८१ मध्ये रशियातल्या ‘नरोदनाया वोल्या’ या गटाच्या क्रांतिकारकांनी झार दुसरा अलेक्झांडर याला ठार केले, तेव्हा बॉम्बचा रोख ज्याच्यावर राग त्याच्यावरच होता. जुलै १९६८ मध्ये एका पॅलेस्टिनी गटाने रोमहून निघालेले इस्रायली विमान अल्जीअर्सला नेले. तिथून पुढे सामान्य प्रवासी हे दबावाचे साधन झाले. अभ्यासक डेव्हिड रॅपोपोर्ट यांनी या इतिहासाच्या चार लाटा मांडल्या: अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी आणि धार्मिक. मांडणी उपयोगी आहे, पण एखाद्या देशाच्या आश्रयाने चालणारा दहशतवाद तिच्यात नीट बसत नाही, असे मला वाटते.

नव्या वाचकाने माद्रिदपाशी जरा थांबावे. ११ मार्च २००४ रोजी ऐन गर्दीच्या वेळी तिथल्या लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि १९० हून अधिक माणसे गेली. निवडणूक तीन दिवसांवर होती. स्पेनचे पंतप्रधान आस्नार यांच्या सरकारने दोष बास्क फुटीरांच्या ‘एता’ संघटनेवर टाकला, आणि पुरावे इस्लामी जहालांकडे वळू लागल्यावरही ते आपले म्हणणे सोडायला तयार नव्हते. सत्ताधारी पक्ष हरला. समाजवादी सत्तेवर आले आणि इराकमधले सैन्य परत बोलावण्याचे आधीच दिलेले वचन त्यांनी त्याच वर्षी पाळले. मतदार बॉम्बमुळे फिरला की सरकारवरचा विश्वास उडाल्यामुळे? अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. मला दुसरे कारण अधिक पटते. हल्ल्याचा राजकीय परिणाम हल्लेखोर एकटे ठरवत नाहीत, म्हणून स्फोटानंतरच्या दिवसांचा अभ्यास स्फोटाइतकाच बारकाईने व्हायला हवा. भारतातही मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिनाभरात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला आणि केंद्र-राज्य अधिकारांचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला.

हा ग्रंथ सलग वाचायलाच हवा असे नाही. कायद्यात रस असलेल्यांनी संयुक्त राष्ट्रांवरच्या प्रकरणापासून खुशाल सुरुवात करावी. भारताने १९९६ मध्ये तिथे मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा अजून संमत झालेला नाही. परकीय सत्तेविरुद्धचा सशस्त्र लढा त्यातून वगळायचा की नाही, यावर देशांचे एकमत होत नाही.