पॉलिसीवरचं नाव

कासार आंबोलीत कुणालाही विचारा, सातबारा म्हणजे काय ते झोपेतून उठून सांगेल. मुळशीतल्या जमिनींना भाव आल्यापासून फेरफार, वारसनोंद, हक्कसोड हे शब्द इथल्या पोरासोरांनाही पाठ झालेत. पौडच्या तहसील कचेरीत खेपा घातलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. फेरफाराची नोंद मुळात सारावसुलीसाठी असते, तिच्यात नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. वाद झाला तर तो दिवाणी कोर्टातच सुटतो.

तीच माणसं विम्याच्या कागदावर मात्र 'नॉमिनी'समोर ज्याचं नाव, त्याचाच पैसा, असं धरून चालतात. या समजुतीपायी कितीतरी घरांत सासू-सुना कोर्टात समोरासमोर उभ्या राहिल्या.

प्रश्न नॉमिनी या शब्दापेक्षाही जुना आहे. नवऱ्याने बायकोसाठी विमा उतरवला, तर त्याच्या मृत्यूनंतर ती रक्कम बायकोची, की सावकार आणि भाऊबंद यांचाही तिच्यावर हक्क? १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ ने उत्तर दिलं: असा विमा म्हणजे बायको-मुलांसाठीचा न्यास, तो नवऱ्याच्या मालमत्तेत मोजायचा नाही. पण हे कलम हिंदू-मुसलमानांना लागू आहे का, यावर वाद झाले. अखेर १९२३ मध्ये दुरुस्ती झाली. मद्रासमध्ये ३१ डिसेंबर १९१३ नंतरच्या पॉलिसींना संरक्षण मिळालं, बाकी ठिकाणी १ एप्रिल १९२३ नंतरच्या. म्हणजे पुण्यातल्या बाईला मद्रासच्या बाईपेक्षा सव्वानऊ वर्षं कमी संरक्षण!

१९३८ च्या विमा कायद्यात कलम ३९ आलं आणि त्याबरोबर नॉमिनी आला. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं आणि हळूहळू एजंटाच्या पिशवीतून नॉमिनीचा रकाना खेडोपाडी पोचला. त्या रकान्याचा अर्थ मात्र कुणी सांगितला नाही.

तो सांगितला सर्वोच्च न्यायालयाने, ६ डिसेंबर १९८३ ला, सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात. १९६७ मध्ये एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसी, दोन्हींवर नॉमिनी पत्नी. सगळी रक्कम माझीच, असं तिचं म्हणणं. आई आणि मुलगा म्हणाले, आमचाही तिसरा-तिसरा हिस्सा. न्यायालयाने निकाल दिला की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो. कंपनीने वारसांचा वाद सोडवत बसू नये, एका हातात रक्कम देऊन मोकळं व्हावं, एवढ्यासाठी ती सोय. पैसा वारसांचाच. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पत्नी-मुलांइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. वडील मात्र दुसऱ्या वर्गात!

वारसांचा वाद सुरू होण्याआधी कंपनीने पैसे तर द्यायला हवेत. 'आजार लपवला' हे दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण. पूर्वी दोन वर्षांनंतरही महत्त्वाची बाब कपटाने लपवल्याचं सिद्ध करून कंपनी पॉलिसी उडवू शकायची. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ४५ बदललं. आता तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली, तर ही मुदतही नव्याने सुरू होते. हप्ता चुकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याच दुरुस्तीने कलम ३९ सुद्धा बदललं. आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रकमेचा लाभही त्यांचाच. मग १९८३ चा निकाल संपला? तसं नाही. २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे असंच प्रकरण आलं. मुलाने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं होतं. लग्न झालं, मूल झालं, नाव तसंच राहिलं आणि तो गेला. न्यायालयाने आई, पत्नी आणि मूल तिघांनाही समान वाटा दिला. वारसांनी हक्क सांगितला, तर नवं कलमही त्यांना डावलत नाही, असा त्याचा अर्थ.

शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत तर गाडी आपल्याच घरात अडली. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला सांगितलं की नामनिर्देशन हा वारसाहक्काचा वेगळा मार्ग नाही. घरोघरी भिंतीवर तारखा लावून देणाऱ्या माणसाच्या नावाने हा प्रश्न निकालात निघाला.

आपल्या पिढीला हा रकाना मोबाइलवर दिसतो. पहिली नोकरी, पहिला टर्म प्लॅन, आईचं नाव, पुढे. लग्नानंतर तो पुन्हा कोण उघडतं? विवाहित पुरुषाला पॉलिसी घेतानाच १८७४ च्या कायद्याखालचा अर्ज भरता येतो. बाकीच्यांना नॉमिनी बदलता येतो आणि साधं मृत्युपत्र करता येतं, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. हे सगळं एका रविवारचं काम आहे. ते राहिलं, तर ज्या दोन बायकांनी एकमेकींना धीर द्यायचा, त्याच तारखेला तारीख मोजत बसतात.