स्त्रियांचीं वैद्यकविद्यालयें आणि पुरुषांचा प्रवेश

आनंदीबाई जोशी व रखमाबाई यांचीं नांवें आपल्याकडे आदरानें घेतलीं जातात. परंतु ज्या दोन विद्यालयांनीं त्यांस डॉक्टर केलें, त्यांचें पुढें काय झालें याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आनंदीबाईंनीं 1886 सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकविद्यालयाची पदवी घेतली. रखमाबाईंनीं लंडन येथील तशाच विद्यालयांत शिकून 1894 सालीं अभ्यासक्रम पुरा केला. दोन्ही विद्यालयें केवळ स्त्रियांकरितां स्थापन झालेलीं होतीं आणि दोहोंनींही पुढें पुरुषांस प्रवेश दिला. लंडनच्या विद्यालयानें 1947 मध्यें, फिलाडेल्फियाच्या विद्यालयानें 1969 मध्यें. स्त्रियांच्या विद्यालयांत पुरुष घ्यावे कीं नाहीं हा वाद निघाला म्हणजे सहवासाचे गुणदोष, शील, संकोच, स्पर्धा यांचाच बहुधा खल होतो. या दोन विद्यालयांचा इतिहास पाहतां प्रश्नाचें मर्म अन्यत्र आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, हीं विद्यालयें स्वतंत्र निघालीं तीं हौसेनें नव्हे, निरुपायानें. 1850 सालीं क्वेकर पंथाच्या मंडळींच्या पुढाकारानें फिलाडेल्फियाचें विद्यालय सुरू झालें, तेव्हां एलिझाबेथ ब्लॅकवेल हिच्यासारखा एखादा अपवाद वगळला तर वैद्यकाचीं दारें स्त्रियांस बंदच होतीं. विद्यार्थिनींस रोगी पाहावयास मिळेनात, म्हणून 1861 त स्त्रियांकरितां निराळें रुग्णालय काढावें लागलें. 1869 च्या नोव्हेंबरांत त्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलांतील व्याख्यानास गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो उडविली व त्यांच्या अंगावर तंबाखूचे तुकडे फेंकले. डीन अ‍ॅन प्रेस्टन यांनीं वृत्तपत्रांतून सडेतोड उत्तर दिलें आणि विद्यार्थिनी पुन्हां तेथें जात राहिल्या. एकत्र शिक्षणाचा हा पहिला अनुभव! या प्रसंगानंतर बरोबर शंभर वर्षांनीं त्याच विद्यालयानें पुरुषांस आंत घेतलें, हा योगायोग खरा. पण त्यावर कवित्व करण्याचा आमचा विचार नाहीं.

या निराळेपणांतून एक गोष्ट मात्र अशी निपजली, कीं जी मूळच्या योजनेंत क्वचितच कोणाच्या मनांत असेल. आनंदीबाई तेथें गेल्या तेव्हां डीनच्या जागीं राशेल बॉडली होत्या आणि त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. स्त्रीनें रसायनशास्त्र शिकवावें, विद्यालयाचा कारभार पाहावा, शस्त्रक्रिया करावी, हें तेथें नित्याचें होतें. 1885 सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत आनंदीबाईंशेजारीं जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या एक विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत बसलेल्या दिसतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनें 1883 त, म्हणजे आनंदीबाई बोटींत बसल्या त्याच वर्षीं, स्त्रियांस प्रवेश दिला हें त्या कॉलेजास भूषणावह आहे. परंतु तेथें शिकविणारे पुरुषच होते.

आतां दारें उघडण्याविषयीं. न्यूयॉर्क येथें ब्लॅकवेल भगिनींनीं 1868 त स्त्रियांचें वैद्यकविद्यालय काढलें होतें. कॉर्नेल विद्यापीठाच्या नव्या वैद्यकशाखेनें 1898 त स्त्रियांस घेण्याचें ठरवितांच, आपलें कार्य झालें असें मानून एमिली ब्लॅकवेल यांनीं 1899 त तें बंद केलें. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथें तर स्त्रियांनीं जमविलेला पैसाच या अटीवर दिला गेला होता कीं, 1893 त उघडणाऱ्या वैद्यकविद्यालयांत स्त्रियांस पुरुषांबरोबरीनें घ्यावें. अशा वेळीं निराळें विद्यालय कशास हवें, असें कोणासही वाटावें. परंतु 1910 च्या सुमारास अमेरिकेंतील डॉक्टरांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा 6 च्या आसपास होतें, तें पुढील तीस वर्षांत वाढण्याऐवजीं घटलें. लंडनांत याहून स्पष्ट दाखला मिळतो. पहिल्या महायुद्धांत पुरुष विद्यार्थी रणांगणावर गेले, तेव्हां तेथील अनेक वैद्यकविद्यालयांनीं स्त्रियांस आंत घेतलें. युद्ध संपून कांहीं वर्षें लोटतात न लोटतात तोंच, 1920 नंतरच्या दशकांत, त्यांतील बहुतेकांनीं तीं दारें पुन्हां लावून घेतलीं. त्या वेळीं जागा उरली ती रखमाबाईंच्या जुन्या विद्यालयांत. तें 1899 च्या न्यूयॉर्कप्रमाणें बंद झालें असतें तर?

म्हणूनच लंडनचें 1947 चें प्रकरण आम्हांस महत्त्वाचें वाटतें. 1944 त गुडइनफ समितीनें शिफारस केली कीं, ज्या वैद्यकविद्यालयांत स्त्रिया वाजवी प्रमाणांत, सुमारें एकपंचमांश, घेतल्या जातील त्यांसच सरकारी पैसा मिळावा. स्त्रियांच्या विद्यालयानें पुरुष घेतले ते या व्यवस्थेच्या पोटांत. हा सौदा होता, आणि सौद्यास सौदा म्हणण्यांत कमीपणा नाहीं. एका विद्यालयांतील कांहीं जागा देऊन इतर सर्वांत पाय ठेवावयास मिळाला. मात्र एकपंचमांश ही जी किमान मर्यादा, ती पुष्कळ वर्षें कमाल मर्यादेसारखी वापरली गेली. फिलाडेल्फियानें तर असा कोणताहि करार हातीं नसतां दार उघडलें. तेथें पैशाची ओढाताण नित्याची होती, आणि त्या देशांतील वैद्यकविद्यार्थ्यांत स्त्रिया शेंकडा 10 हूनहि कमी होत्या. प्रवेशांतील भेदभाव मोडणारा कायदा आला तो 1972 त, तीन वर्षांनीं. नशीब बरें म्हणून तो आला. 2019 पर्यंत अमेरिकन वैद्यकविद्यालयांत स्त्रिया निम्म्याहून अधिक झाल्या हें खरें. पण बॉडलीबाईंच्या त्या खुर्चीचें काय? 1995 त त्याच संस्थेंत, वैद्यकविद्यालयांच्या वरिष्ठ अधिकारपदांसाठीं स्त्रियांस तयार करणारा एक खास उपक्रम काढावा लागला. जी गोष्ट 1885 त आपोआप घडत होती, ती आतां बुद्ध्या घडवावी लागते.

आपल्या देशाकडे पाहूं. आयडा स्कडर प्रथम फिलाडेल्फियासच शिकत होत्या. कॉर्नेलचें दार उघडतांच त्या तिकडे गेल्या व 1899 त पदवी घेऊन भारतांत आल्या. एकत्र शिक्षणाचा लाभ घेतलेल्या या बाईंनीं वेल्लोर येथें 1918 त विद्यालय काढलें तें मात्र केवळ स्त्रियांकरितां, कारण तेथील रोगी स्त्रियांस पुरुष डॉक्टर चालत नसे. पुढें विद्यापीठाची पदवी आवश्यक झाली, खर्च आवाक्याबाहेर गेला, आणि 1947 त तेथेंहि पुरुष आले. स्त्रियांनीं स्त्रियांसाठीं दिलेल्या पैशाचें हें काय झालें, अशी खंत अमेरिकेंतील कांहीं जुन्या देणगीदार स्त्रियांस वाटली. ती खंत आम्ही अनाठायीं म्हणणार नाहीं, तथापि दुसरा मार्ग विद्यालय मिटविण्याचाच होता. दिल्लीचें 1916 चें लेडी हार्डिंग कॉलेज यांत वेगळें राहिलें: तेथें पदव्युत्तर वर्गांत पुरुष आहेत, पण एम्.बी.बी.एस्. चे वर्ग अद्याप मुलींचेच आहेत. तेहि बदलावें असें सुचविणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारूं, कीं त्याच्या मोबदल्यांत कोणतें दार, किती आणि किती काळ उघडें राहणार आहे?