अंगठ्याच्या मुळाचा सांधा : प्रस्तावना

बरणीचे झाकण उघडत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, कपडे पिळताना कळ थेट मनगटापर्यंत जाते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया ही तक्रार घेऊन येतात, तेव्हा बहुतेकींनी ती बरीच वर्षे अंगावर काढलेली असते. ही प्रस्तावना या विषयात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि फिजिओथेरपिस्टांसाठी आहे. अंगठ्याच्या मुळाचा सांधा लहान आहे, पण त्याच्यावाचून हाताचे एकही काम नीट होत नाही.

ट्रॅपेझियम हे मनगटाचे छोटे हाड आणि अंगठ्याचे मेटाकार्पल हाड खोगिरासारख्या पृष्ठांनी एकमेकांवर बसतात. म्हणूनच अंगठा चारही बोटांसमोर येऊ शकतो आणि म्हणूनच हा सांधा झिजतो. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर इथे त्याच्या सुमारे बारापट भार येतो, असे कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली दाखवले. तपासणीत मेटाकार्पल धरून, किंचित दाबून फिरवा. कूर्चा गेलेली असेल तर तुमच्या बोटांखाली करकर जाणवते आणि रुग्ण हात मागे ओढते. मात्र एक्स-रेवर विसंबू नका. चित्रात सांधा पार झिजलेला असूनही विनातक्रार कामे करणारे रुग्ण भेटतात. शस्त्रक्रिया चित्रासाठी नव्हे, दुखण्यासाठी करायची, आणि तीही स्प्लिंट, व्यायाम व इंजेक्शन यांनी भागले नाही तरच.

शस्त्रक्रियेचा इतिहास मला फार उद्बोधक वाटतो. ब्रिटिश सर्जन गर्व्हिस यांनी १९४९ साली ट्रॅपेझियम सरळ काढून टाकण्याची पद्धत मांडली. रिकाम्या जागेत मेटाकार्पल खाली सरकेल आणि अंगठा दुबळा होईल, या धास्तीने पुढच्या पिढ्यांनी ती जागा भरायला घेतली. स्वॉन्सन यांनी सिलिकॉनचे हाड बसवले. पण त्याचे कण झिजून आसपासच्या हाडांत दाह होऊ लागला. फ्रॉइमसन यांनी टेंडनची गुंडाळी ठेवली. बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ साली टेंडनची गुंडाळी आणि नवा लिगामेंट यांची सांगड घातली, आणि ही पद्धत जगभर रुळली.

मग नॉटिंगहॅमच्या डेव्हिस यांनी १८३ अंगठ्यांवर नुसते हाड काढणे, सोबत टेंडनची गुंडाळी ठेवणे आणि गुंडाळीबरोबर नवा लिगामेंट करणे या तीन पद्धतींची यादृच्छिक तुलना केली. २००४ साली निष्कर्ष आला : वर्षभरानंतर वेदना, चिमटीचा जोर, हाताचा वापर, कशातच लक्षणीय फरक नाही. हा निबंध प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. जास्तीची प्रत्येक पायरी म्हणजे जास्त वेळ आणि जास्त जखम. तिचा फायदा सिद्ध करण्याची जबाबदारी ती करणाऱ्यावर असते. कृत्रिम सांधे आता पुष्कळ सुधारले आहेत, त्यांत ताकद लवकर परत येते असे दिसते. पण जास्तीच्या पायरीचा फायदा सिद्ध झाला आहे का, हा प्रश्न त्यांच्याबाबतही विचारला पाहिजे. तरुण, कष्टाचे काम करणाऱ्या हाताला कधीकधी सांधा जखडून टाकणेच मानवते. तळहात सपाट टेकवणे मात्र त्यानंतर अवघड जाते.

रुग्णाला खरे सांगा. शस्त्रक्रियेनंतर प्लास्टर चार-सहा आठवड्यांत निघते, पण चिमटीत भरवशाचा जोर यायला सहा महिने, कधी वर्षही लागते. आणि आपल्या रुग्णांच्या नोंदी ठेवा. विडी वळणारे, खुरपे धरणारे, दिवसभर पोळ्या लाटणारे हात आपल्या दवाखान्यांत येतात. शस्त्रक्रियेआधी आणि वर्षानंतर त्यांच्या चिमटीचा जोर मोजा आणि जे आढळेल ते प्रसिद्ध करा.