अंकीय संदेशवहनातील शब्दसमकालन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अंकीय संदेशवहनात स्पंदांची अखंड मालिका वाहत असते. कोणता शब्द कोठे सुरू होतो, हे ग्राहकयंत्रास ओळखता येणे म्हणजेच शब्दसमकालन होय. ‘समज’ व ‘नकल’ हे शब्द अंतर न सोडता लिहिल्यास त्यांच्या मधोमध ‘जनक’ हा तिसराच शब्द वाचता येतो. त्याचप्रमाणे एक स्पंद हरवला, तर पुढील सर्व स्पंद अचूक पोहोचूनही संदेश निरर्थक ठरतो. शब्दसीमा राखण्यासाठी कोणत्या काळात कोणती किंमत मोजली गेली, याचा प्रस्तुत निबंधात विचार केला आहे.

सीमाखुणांचा कालखंड :
फ्रेंच अभियंता एमिल बोदो याने 1874 मध्ये पाच स्पंदांच्या, म्हणजे 32 संयोगांच्या तारसंकेताचे पेटंट घेतले. या पद्धतीत दोन्ही टोकांची फिरती यंत्रे समगतीने चालणे आवश्यक होते. तारयंत्रचालकालाही यंत्राच्या लयीतच कळा दाबाव्या लागत. अमेरिकेत हॉवर्ड क्रम याने 1910 मध्ये पेटंटसाठी सादर केलेल्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला आरंभ व विराम यांचे संकेत जोडले गेले. त्यामुळे चूक लवकर सावरता येऊ लागली. परंतु पाच उपयुक्त स्पंदांमागे किमान दोन स्पंद खर्ची पडू लागले. 1962 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टी-1 या दूरध्वनी प्रणालीत 24 वाहिन्यांच्या 192 बिटांमागे केवळ एक सीमाबिट होता. खर्च घटला, मात्र हरवलेली सीमा शोधण्यासाठी अनेक चौकटी तपासणे भाग पडले.

स्वल्पविरामरहित संकेत :
कोणत्याही दोन शब्दांच्या सांध्यावर तिसरा वैध शब्द तयार होणार नाही, अशीच शब्दनिवड केली तर वेगळ्या खुणेची गरज उरत नाही. क्रिक, ग्रिफिथ व ऑर्गेल यांनी 1957 मध्ये ही कल्पना जनुकीय संकेतासाठी मांडली. चार अक्षरांपासून होणाऱ्या 64 त्रयींपैकी जास्तीत जास्त 20 त्रयी ही अट पाळतात आणि अमिनो आम्लेही 20 आहेत, हा मेळ मोहक होता. निरेनबर्ग व मथाई यांच्या 1961 च्या प्रयोगाने तो खोटा ठरविला. गोलोम्ब, गॉर्डन व वेल्च यांनी 1958 मध्ये अशा संकेतांचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. येथेही किंमत होतीच : बोदोच्या 32 संयोगांपैकी या अटीत फार तर 6 बसतात.

दुहेरी उपयोग :
1969 मधील मरिनर-6 व मरिनर-7 या मंगळयानांच्या उच्चगती दूरमापनात सहा बिटांच्या माहितीसाठी 32 बिटांचा शब्द पाठविला जाई. जादा बिट प्रामुख्याने दोषनिवारणासाठी होते. प्रत्येक शब्दात एक ठरावीक बिटक्रम मिळविल्याने तोच संकेत स्वल्पविरामरहितही झाला.

निष्कर्ष :
शब्दसीमेची किंमत टळत नाही. ती काळ, वहनक्षमता किंवा शब्दसंख्या यांपैकी कशात तरी मोजावीच लागते. दोषनिवारणासाठी आधीच केलेल्या खर्चातून सीमारक्षणही साधणे, हे या इतिहासातील महत्त्वाचे वळण मानावे लागेल.