रुग्णांचे आकडे कसे वाचायचे? इन्सिडन्स आणि प्रिव्हलन्स म्हणजे काय

आदिलाबाद : पावसाळा लागला की मलेरिया, डेंग्यूच्या रुग्णांचे आकडे येऊ लागतात. ‘मंडलात 30 रुग्ण’ ऐकून आपण घाबरतो, ‘आपल्या गुड्यात तर तीनच’ म्हणून निश्चिंत होतो. पण नुसत्या आकड्यावरून धोका कळत नाही. तो किती लोकांमागे आहे, हे बघावे लागते. समजा, मंडलाची लोकसंख्या 30 हजार आहे. 30 रुग्ण म्हणजे हजारामागे 1. गुड्यात 600 माणसे असतील, तर 3 रुग्ण म्हणजे हजारामागे 5. म्हणजे फवारणी आधी गुड्यात हवी.

इन्सिडन्स : ठरावीक काळात किती नवे रुग्ण झाले, त्याचा दर. मलेरियाचा ‘एपीआय’ याच प्रकारचा : वर्षभरात हजार लोकांमागे रक्ततपासणीत सापडलेले रुग्ण. मात्र तपासणीच झाली नाही, तर एपीआय आपोआप कमी दिसतो. म्हणून वर्षाला किमान 10 टक्के लोकांचे रक्त तपासावे, असा निकष आहे.

प्रिव्हलन्स : एखाद्या वेळी जुने-नवे मिळून एकूण किती रुग्ण आहेत, तो दर. गोंड व इतर आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल आजार जन्मापासून आयुष्यभर राहतो. त्यासाठी किती औषधे लागतील, हे या दरावरून ठरते.

दोन्ही दर का बघायचे? कुष्ठरोगाचेच घ्या. 2005 अखेर देशात हा दर 10 हजारांमागे 1 च्या खाली आला. पण उपचार 6 ते 12 महिन्यांत संपला की नाव यादीतून निघते. त्यामुळे यादी लहान झाली, तरी नवे रुग्ण सापडतच राहिले.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. किनवट किंवा पांढरकवड्याकडचा माणूस आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखल झाला, तर त्याची मोजणी त्याच्या राहत्या गावात व्हायला हवी. नाहीतर आदिलाबादचा दर फुगतो आणि त्याच्या गावात आजार नाहीच, असे कागदावर दिसते. मग तिकडे फवारणीलाही कोणी जात नाही.

जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाही जपून करावी. 2011 च्या जनगणनेत आदिलाबाद जिल्हा 27.41 लाखांचा होता. ऑक्टोबर 2016 मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. आताच्या आदिलाबादची लोकसंख्या त्याच जनगणनेनुसार सुमारे 7 लाख.

म्हणून आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा : किती लोकांमागे? किती काळात? तपासणी किती जणांची झाली? आणि दवाखान्यात नोंद करताना पाहुण्यांचा नाही, स्वतःच्या गावाचा पत्ता सांगा.