गिधाडांची खानावळ

‘ॲनिमल रेस्टॉरंट’ हा फोनवरचा गेम तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. जंगलातलं छोटंसं हॉटेल, कामाला मांजरं, जेवायला येणारे प्राणी. आपण नवे पदार्थ शिकायचे, टेबलं वाढवायची. बिल कॉड माशांत मिळतं. अशा गेम्सना ‘कोझी’ म्हणतात. त्यात हरायची भीती नाही, घाई नाही, कुणी उपाशी मरत नाही. दिवसभर कोड लिहून डोकं शिणल्यावर मला हे फार आवडतं. पण गिऱ्हाईक म्हणून गिधाड मला त्यात अजून भेटलेलं नाही.

गिधाडांची खानावळ आमच्या रायगडात आहे. रोहा आणि मुरूड तालुक्यांत फणसाडचं जंगल पसरलंय. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं, 1986 मध्ये अभयारण्य झालं. जिथे प्राणी मारायला माणसं जात, तिथे आता वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवायची सोय केली. इंग्रजीत याला सरळ ‘व्हल्चर रेस्टॉरंट’ म्हणतात. ही कल्पना दक्षिण आफ्रिकेत 1966 मध्ये जायंट्स कॅसल इथे सुरू झाली.

अर्थात वेगळ्या खानावळीची गरज पूर्वी नव्हती. पेण काय, रोहा काय, प्रत्येक गावात गुरं होती आणि ती मरत होती. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची. ‘निसर्गाचे सफाई कामगार’ हे शब्द आपण शाळेत पाठ केले. पण गोठ्यातून गावाबाहेरपर्यंत ते धूड ओढून कोण नेत होतं? गिधाड तर नाही. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात हे काम महारांवर लादलेलं होतं. मार्च 1927 मध्ये डॉ. आंबेडकर महाडला आले, ते याच जिल्ह्यात. तेव्हा त्याचं नाव कुलाबा होतं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. पण मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हेही तिथलंच आवाहन होतं. जुन्या गावातल्या निसर्गचक्राबद्दल कुणी हळवं होऊन बोलू लागलं की मला हे आठवतं. त्या चक्राचा एक आरा माणसाच्या पाठीवर होता. गेममध्ये सामान आपोआप स्वयंपाकघरात येतं, म्हणून तर तो कोझी.

मग गिधाडं गेली कशी? अन्न संपलं म्हणून नाही, अन्नात विष आलं म्हणून. नव्वदच्या दशकात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त झालं आणि लंगडणाऱ्या बैलाला, तापलेल्या गायीला टोचलं जाऊ लागलं. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ती मायाच होती. पण औषध दिल्यावर जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक ॲसिडचे पांढरे खडे आतल्या अवयवांवर साचतात. हे कारण 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध झालं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. मला सगळ्यात धक्का बसला तो वेगळ्याच आकड्याने. एवढा नाश व्हायला शंभरातलं एक जनावरही विषारी असावं लागत नाही, त्याहून कमी पुरतात. गिधाडं घोळक्याने जेवतात, एका पंगतीत सगळी जातात.

भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरची केली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे, पण सवयी हळूहळू बदलतात. म्हणूनच खानावळी लागतात. तिथे पाककृती एकच: मेलेल्या जनावराला शेवटच्या दिवसांत काय टोचलं होतं, ते विचारायचं.

नेपाळात चितवनजवळ पिठौली गावी 2006 मध्ये ‘जटायू रेस्टॉरंट’ सुरू झालं. तिथे भाकड, म्हाताऱ्या गायी विकत घेऊन सांभाळतात. चारा घालतात, आजारी पडल्या तर चालणारंच औषध देतात. गाय आपल्या मरणाने मेली की मग पान वाढतात. पदार्थ तयार व्हायला किती वर्षं लागतील, ते गायीवर आहे.