आणेवारी, तगाई आणि अनुदान

आमच्या खानदेशात जुनी माणसं अजून 'आणेवारी'च म्हणतात. 1957 साली दशमान पद्धत आली, सरकारी कागदावर 'पैसेवारी' आली, पण तोंडातला आणा काही गेला नाही. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. त्यातलं किती हाती आलं यावर सारा तहकूब होणार की नाही, ते ठरायचं.

इंग्रजी अमलात पीक बुडालं तर शेतकऱ्याला मिळायची ती तगाई. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बळ देणे. विहीर-बांधांसाठी 1883 चा आणि बी-बियाणं, बैलांसाठी 1884 चा कायदा होता. पण ते होतं कर्ज! थकलं तर साऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची.

1876-78 च्या दुष्काळानंतर आयोग बसला आणि त्यातून दुष्काळ संहिता आली. काम मागेल त्याला काम आणि पीक गेलं तर साऱ्यात सवलत, हे कागदावर आलं. शेतकऱ्याला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांचा 'केसरी' आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी ही संहिता लोकांना समजावून सांगितली. मदत ही मेहेरबानी नसून तिला नियम आहे, हे रयतेला त्यातून कळलं. तीनच वर्षांनी 1899-1900 चा काळ आला. संवत 1956 वरून शेजारच्या गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर 1972 च्या दुष्काळात पुन्हा खडी फोडण्याची, नालाबंडिंगची कामं निघाली. त्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तोवर मदत म्हणजे एक तर कर्ज, नाही तर मजुरी.

आता अनुदान मिळतं आणि ते फेडावं लागत नाही. 2015 पूर्वी निम्मं पीक गेल्याशिवाय नुकसान धरत नसत, त्या वर्षी ती अट 33 टक्क्यांवर आली. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राचे दर हेक्टरी असे ठरले: कोरडवाहूला 8,500, बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये. राज्याने अधूनमधून त्यात स्वतःची भर घातली. पैसा थेट खात्यात येतो, ही सुधारणा खरीच.

पण मोजमापाचा प्रश्न उरतोच. पैसेवारी गावाची निघते, नुकसान मात्र घराचं होतं. पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावातल्या मुलांना परीक्षा फी माफ व्हायची. त्या याद्या मी वर्षानुवर्षं केल्या. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाला माफी मिळायची, दुसऱ्याला नाही, कारण मध्ये शिव! पाऊस काही शिव पाहून पडत नाही. पुढे 2017 साली राज्याने दुष्काळ ठरवायला पाऊस, ओलावा, पिकांची स्थिती असे नवे निकष घेतले. तरी गावोगावची पैसेवारी आजही निघतेच.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याचं अनुदान. बटाईने कसणाऱ्याचं बी गेलं, राबणं गेलं, पण पंचनाम्यात तो नाहीच. शेतात राबणाऱ्या बाईचं नावही उताऱ्यावर क्वचितच असतं.

कर्जाचं अनुदान व्हायला आपल्याला शंभर वर्षं लागली. आता ते जमिनीच्या मालकाकडून जमीन कसणाऱ्यापर्यंत पोचायला आणखी किती लागणार? शेतकऱ्याच्या पोरांनो, तुम्ही शिकलात, मोठ्या हुद्द्यांवर गेलात. निदान आपल्या गावाचे हे नियम तरी वाचून ठेवा.